तीन वेळा बरोबर

मंगळवारी सकाळी धाकटी सून दवाखान्याच्या फाटकातून आत शिरली आणि तिथंच खिळली. शुक्रवारी हिरवंगार सोडून गेलेलं लॉन पिवळं पडलं होतं. पिवळं म्हणजे कडेला थोडं, झाडाखाली थोडं, असं नव्हे. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकसारखं, कुणी सांडलेला चहा पुसायचा विसरावा तसं. मधल्या भागात तर पात्यांची टोकं करपून तपकिरी झाली होती. तिनं वाकून मूठभर गवत हातात घेतलं, तर ते कुरकुरलं.

 काय झालंय हे तिला बघताक्षणीच कळलं होतं. रोग पडला तर तो ठिपक्याठिपक्यांनी पडतो. मातीतली अळी लागली तर गवत सतरंजीसारखं उचलून हातात येतं. पाणी कमी पडलं तर कडा आधी वाळतात. सगळीकडे सारखं जळालं म्हणजे ते माणसाच्या हातचं काम. खत जास्त पडलं होतं. आणि खत टाकणारा हात तिचा होता.

हा दवाखाना तापखोकल्याचा नाही. अर्धांगाचा झटका आलेली, पाय गमावलेली, पाठीची ऑपरेशनं झालेली माणसं इथं नव्यानं चालायला शिकतात. फरशीवर चालणं जमलं की त्यांना गवतावर आणतात. जमीन जराशी उंचसखल असते, पाय खरा तिथं तयार होतो, आणि पडलं तरी लागत नाही. रोज नऊ वाजता वॉकरची रांग पायऱ्यांच्या शेजारच्या उतारावरून खाली यायची. त्या दिवशी ती सगळी रांग व्हरांड्यात खुर्च्यांवर बसून समोरच्या पिवळ्या मैदानाकडे बघत होती. त्यातले एक निवृत्त टायपिस्ट आजोबा पलीकडच्या टोकाच्या झाडापर्यंत काठीशिवाय जायचं म्हणून आठ दिवस सगळ्यांना सांगत फिरत होते. आज ते काठी मांडीवर आडवी ठेवून बसले होते, आणि तेच तिला जास्त लागलं.

दवाखान्याच्या व्यवस्थापक बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्या आवाज न चढवणाऱ्यांपैकी. "चार वाजता या," एवढंच म्हणाल्या. "काय झालं ते मला नीट सांगा. मग पुढचं ठरवू."

पुढचं म्हणजे काय, ते दोघींनाही ठाऊक होतं. दवाखाना चालवणाऱ्या संस्थेची शहरात आणखी चार आवारं होती. या लॉनचं काम पसंत पडलं तर वर्षभराचं सगळं काम धाकटीला मिळायचं होतं. तसं तोंडी ठरत आलं होतं. आणि ते मिळालं नाही, तर हंगाम संपला की तिचा हा सगळा उद्योग गुंडाळायचा, असं घरात ठरलेलं होतं. घरात म्हणजे थोरल्या दिरांनी ठरवलेलं होतं, आणि बाकीच्यांनी मान हलवली होती.

अकरा वर्षं धाकटीनं औषधाच्या दुकानात काउंटरवर गोळ्या मोजल्या. सासरे, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, यांनी चाळीस वर्षं एका क्लबाचं मैदान राखलं. त्यांचे गुडघे गेले, नोकरी संपली, तरी लोक गवताचं विचारायला घरी यायचेच. चहा पाजता पाजता धाकटीच्या डोक्यात आलं की, अण्णांना गवत कळतं आणि मला मात्रा कळते, मग अडलंय कुठं? ती रात्रंदिवस पुस्तक घेऊन बसली, सरकारी परीक्षा दिली, खत आणि कीटकनाशक मारायचा परवाना काढला. पाठीवरचा पंप आला, हातमोजे आले, मुखवटा आला. परसातल्या शेडमध्ये, जिथं थोरल्या दिरांच्या फरश्या रचलेल्या असायच्या, तिथं एका बाजूला खताची पोती आली. नवरा लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातले वीस दिवस बाहेर. तो फोनवर म्हणाला, तुला जमेल. फोनवरून तेवढंच सोपं असतं.

थोरले दीर, म्हणजे तिचे भाऊजी, फरश्या बसवायचे. त्यांचा स्वभाव म्हणजे नाकाच्या शेंड्यावर राग. गवताला औषध घालायला माणूस बोलावतात, हे त्यांच्या गळी उतरेचना. "उद्या गवताला ताप आला तर नाडी बघशील," म्हणाले आणि तेव्हापासून तिला डॉक्टरीणबाई म्हणायला लागले. तरी व्हॅन वापरू दिली, शेडही दिली. फक्त हंगाम संपेपर्यंत. तोवर मोठं, कायमचं काम हाती लागलं नाही तर शेड परत फरश्यांची.

आता या घराची एक खोड सांगायलाच हवी, कारण सगळं घोडं तिथंच अडलं. या घरात कुणी कुणासाठी काही केलं तर ते बोलायचं नाही. करायचं आणि गप्प बसायचं. गच्चीवरची टाकी भरलेली असते, कुणी भरली विचारायचं नाही. तुटलेली चप्पल सकाळी शिवून दारात असते, घालायची आणि चालू पडायचं. सासूबाई शेवटच्या आजारात होत्या तेव्हा चार महिने त्यांच्या उशाशी रोज ताजं वर्तमानपत्र असायचं. कोण आणतं हे त्या गेल्यावर पेपरवाला घरी आला तेव्हा कळलं. अण्णांचं म्हणणं असं की, आभार परक्यांचे मानतात, आणि केलेलं बोलून दाखवलं की त्याची चव जाते. धाकटी या घरात आली तेव्हा पहिलं वर्षभर तिला वाटायचं, ही माणसं माणूसघाणी आहेत. मग हळूहळू चपला शिवलेल्या दिसायला लागल्या.

घरी परत आली तेव्हा बारा वाजून गेले होते. अण्णा, भाऊजी आणि जाऊबाई जेवायच्या टेबलाशी बसले होते. भाऊजी मंगळवारी दुपारी घरी जेवायचे. धाकटीनं हात धुतले, खुर्ची ओढली आणि ताटाला हात न लावता सगळं सांगून टाकलं. लॉन जळालं. माझ्याच हातून जळालं. गेल्या मंगळवारपासून अंगात ताप होता, शुक्रवारी जरा उतरला म्हणून मी उठून गेले, पण डोकं जागेवर नव्हतं. खताच्या गाड्याचा आकडा चुकीचा लागला असणार. औषधाच्या दुकानात अकरा वर्षांत माझ्याकडून एक गोळी जास्त गेली नाही, आणि इथं पहिल्या मोठ्या कामात मी आख्खं मैदान जाळलं.

हे गाडं म्हणजे दोन चाकांचं, ढकलत न्यायचं. वर पेटीत खत भरायचं, खाली झडप. झडपेचा आकडा जेवढा मोठा तेवढं खत जास्त पडतं. ते गाडं दवाखान्यातल्या खोलीतच ठेवलेलं असायचं, किल्ली फाटकावरच्या माणसाकडे.

मग तिनं पर्समधून व्हॅनची किल्ली काढली आणि टेबलावर भाऊजींच्या समोर ठेवली. "हंगाम संपायची वाट कशाला बघायची. तुम्ही म्हणत होता ते खरं होतं."

एरवी भाऊजींनी यावर चार शब्द तरी ऐकवले असते. पण ते ताटातल्या भाताकडे असं बघत बसले, जणू भातानंच काहीतरी विचारलंय. अण्णांनी पाण्याचा पेला उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

"आकडा किती लावलेलास?" अण्णांनी विचारलं.

"मला वाटतं, चार. पण आता कशाचाच भरवसा नाही."

"चारच बरोबर," अण्णा म्हणाले.  मग ताटाकडे बघतच म्हणाले, "मीही चारच लावला होता."

धाकटीला आधी कळलंच नाही. अण्णांना पुढचं बोलणं फार जड गेलं. तुकड्या-तुकड्यांनी जे बाहेर आलं ते असं. सून तापानं फणफणलेली. काम शुक्रवारपर्यंत व्हायलाच हवं, हे त्यांनी तिच्या तोंडून तापातल्या बडबडीत चारदा ऐकलेलं. तिच्या मालाला हात नको म्हणून त्यांनी जिन्याखाली ठेवलेली स्वतःची दोन पोती काढली, त्याच खताची. दवाखान्याला दूध पोचवणाऱ्या टेम्पोवाल्याला थांबवलं आणि शुक्रवारी उजाडता उजाडता तिथं गेले. दुखऱ्या गुडघ्यांनी आख्खं लॉन चालले. पाणी मारलं. गाडं धुतलं, पुसलं, तोंड भिंतीकडे करून जागेवर ठेवलं. फाटकावरच्या माणसाला सांगितलं, हिला सांगू नकोस. आणि आठच्या आत घरी येऊन, फिरायला गेलो होतो म्हणून चहा प्यायले आणि आडवे झाले. सून कधी उठून गेली ते त्यांना कळलंच नाही.

"अण्णा," धाकटी म्हणाली, "तुम्हाला जिना चढवत नाही."

"जिना वेगळा. गवत वेगळं."

म्हणजे दोन वेळा पडलं होतं. पहाटे अण्णांचं, दहा वाजता तिचं. गवत ओलं होतं हे तिला आठवलं. दवाखान्याचे फवारे रात्री चालतात, त्याचंच असेल, असं तिला वाटलं होतं. गाडं स्वच्छ होतं, पण ते तर नेहमीच स्वच्छ असायचं. अण्णांनीच सगळ्यांना शिकवलेलं, काम झालं की हत्यार असं ठेवायचं की काम झालंच नाही असं वाटावं. पण तरीही तिच्या डोक्यात हिशेब बसेना. दुपटीनं गवत पिवळं पडेल, कडक होईल, पण पाणी मिळालेलं असताना इतकं कोळपणार नाही. ती हे स्वतःशीच बोलत होती, मोठ्यानं.

जाऊबाईंनी भाजीचं भांडं खाली ठेवलं आणि नवऱ्याकडे बघितलं. "आता तुम्ही बोलता, का मी बोलू?"

"तू जेव," भाऊजी म्हणाले.

"अहो, तुमच्या पँटची दुमड मीच झटकली शुक्रवारी. मूठभर पांढरे दाणे निघाले. साखर म्हणून मुंग्यासुद्धा येईनात, तेव्हा कळलं मला काय आहे ते."

भाऊजींचे कान लाल झाले. बावन्न वर्षांचा माणूस, पण चोरी पकडलेल्या पोरासारखा. गुरुवारी संध्याकाळी कामावरून येताना वाटेत दुकानातून दोन पोती घेतली, म्हणाले. डॉक्टरीणबाईच्या ढिगातली नको, म्हणून विकत घेतली. दवाखान्यात गेलो, टाकलं, गाडं धुऊन ठेवलं. त्यात एवढं काय? रात्री फवारे सुरू होणारच होते, म्हणून पाण्याचीही फिकीर नव्हती. फाटकावर तेव्हा वेगळा माणूस होता. त्यालाही सांगून ठेवलं, हिला सांगू नकोस.

"आणि आकडा?" अण्णांनी विचारलं.

"चार," भाऊजी म्हणाले. "तिचं पुस्तक बघितलं होतं मी. शेडमध्ये पडलेलं असतं. क्षेत्रफळ काढलं, पोतं किती जाईल ते काढलं. चारच येतो."

 तिघांनी, एकमेकांच्या नकळत, सोळा तासांत, एकाच मैदानावर, अगदी मोजून, पुस्तकात दिल्याप्रमाणे, अचूक मात्रा टाकली होती. एकाचंही चुकलं नव्हतं. तिघांपैकी एकानं जरी आळस केला असता, विसरला असता, गाडं न धुता तसंच टाकून आला असता, तर गवत आज हिरवं असतं. पण या घरातल्या माणसांना तेवढंही जमलं नाही.

पहिल्यांदा जाऊबाई हसायला लागल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, आवाज न करता. मग अण्णांच्या मिशा थरथरल्या. धाकटीही हसली, आणि हसता हसता तिला रडू कोसळलं, ते काही केल्या थांबेना. जाऊबाई उठून तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. तापाच्या तीन दिवसांत कपाळावरच्या घड्या बदलत याच बसल्या होत्या, आणि त्याबद्दलही आजतागायत कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

"मी तीन दिवस अंथरुणात एकच विचार करत होते," धाकटी डोळे पुसत म्हणाली, "की माझं काम आता कोण करणार. मला वाटायचं, मी या धंद्यात एकटी आहे. या घरात म्हणत नाहीत मला माहीत आहे, पण आज मी म्हणणार. तुमचे आभार आहेत. अण्णा, तुमचे. भाऊजी, तुमचे. आणि ताई, तुमचेही. मला फार बरं वाटलं."

अण्णांनी घाईघाईनं मिठाचं भांडं पुढं ओढलं आणि मीठ नको असलेल्या ताटात मीठ वाढून घेतलं. भाऊजी तर चिडलेच. गवत जाळून बसलोय आणि आभार कसले मानतेस, म्हणाले. पण किल्ली त्यांनी बोटानं सरकवत तिच्या बाजूला परत केली.

मग खरी वादावादी सुरू झाली. चार वाजता त्या बाईंना सांगायचं काय? करारात स्वच्छ लिहिलं होतं की, लॉनवरचं प्रत्येक काम परवानाधारक माणूसच करील आणि त्याची नोंद वहीत होईल. परवाना धाकटीचा. भाऊजींचा नाही, अण्णांचा नाही. नोंद फक्त तिच्या फेरीची. खरं सांगितलं तर करार मोडल्याचं तिनं स्वतःच्या तोंडानं कबूल केल्यासारखं होणार होतं.

भाऊजींचं म्हणणं, अळी लागली म्हणून सांग. हुमणी. जमिनीच्या खाली असते, कोण खणून बघतंय? औषध मारतो म्हणायचं, पाणी मारायचं, महिन्यात गवत येतं वर, विषय संपला. अण्णांचं म्हणणं वेगळंच. म्हातारा चळला म्हण, म्हणाले. घरच्यांना न सांगता पहाटे उठून जातो, वाटेल तिथं खत टाकतो, असं सांग. चळलेल्या म्हाताऱ्यावर कुणी रागावत नाही. जाऊबाई आधी नवऱ्याच्या बाजूच्या होत्या, पण हे ऐकून त्या उसळल्या. अण्णांना वेडं ठरवून या घराला काम नको, म्हणाल्या. मग भाऊजी म्हणाले, बरोबर आहे, म्हणूनच हुमणी बरी. मग अण्णा म्हणाले, गवताबद्दल मी चाळीस वर्षांत खोटं बोललेलो नाही. त्यावर भाऊजी म्हणाले, आत्ता तर स्वतःबद्दल बोलायला निघाला होतात.

धाकटी सगळ्यांचं ऐकत जेवली. सकाळपासून पहिल्यांदाच तिला भूक लागली होती.

"दुकानात एखाद्याला चुकीची गोळी गेली," ती शेवटी म्हणाली, "आणि आपण म्हटलं आजार वाढला, तर तो माणूस आणखी औषध घेतो. मी हुमणी म्हटलं तर मला त्या मैदानावर कीटकनाशक मारावं लागेल. जिथं ती माणसं पडतात, हात टेकतात, तिथं. नसलेल्या अळीसाठी. ते माझ्याच्यानं व्हायचं नाही, भाऊजी."

 भाऊजींनी उठून हात धुतले आणि म्हणाले, व्हॅन मी चालवतो, तू आत्ताच तापातून उठलीयस.

चार वाजता धाकटी व्यवस्थापक बाईंच्या खोलीत बसली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न वगळता सांगत गेली. करार मोडला हेही सांगितलं. व्हॅनमध्येच थांबेन म्हणालेले भाऊजी अर्ध्यात दार ढकलून आत आले, टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, गुरुवारचा मी. हिला काही माहीत नव्हतं. पण आकडा माझा चुकला नव्हता, तेवढं लिहून घ्या."

बाई हसल्या नाहीत. दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं की गवत परत यायला किती दिवस. धाकटीनं सांगितलं, रोज दोनदा भरपूर पाणी मारून खत मुळांच्या खाली उतरवायचं, करपलेलं विंचरून काढायचं, मधल्या भागात नवं बी पेरायचं. पाच आठवडे. तोवर त्यावर कुणाला चालता येणार नाही.

"मग हे त्यांना तुम्हीच सांगा," बाई म्हणाल्या.

हे सगळ्यात अवघड होतं. व्हरांड्यात अकरा माणसं होती. काहींचे पाय लुळे, काहींचे नवे, बनवलेले. धाकटीनं त्यांच्यासमोर उभं राहून सांगितलं की, तुमचं चालायचं मैदान आमच्या चुकीनं पाच आठवडे बंद राहणार आहे. कुणी रागावलं असतं तर तिला सोपं गेलं असतं. एक बाई फक्त म्हणाल्या की, पाच आठवड्यांनी त्या इथं नसतील, त्यांना घरी पाठवणार आहेत. गवतावर एकदा चालायचं होतं. धाकटीनं त्यांची माफी मागितली. दुसरं काय करणार.

टायपिस्ट आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि हाताच्या इशाऱ्यानं तिला जवळ बोलावलं. "मी चौतीस वर्षं टाइप केलं," ते म्हणाले. झटक्यानंतर त्यांची जीभ जड झाली होती, शब्द सावकाश यायचे. "एकाच ओळीवर तीनदा तेच टाइप केलं, तर कागद फाटतो. अक्षर बरोबर असलं तरी." मग म्हणाले, "पण तुझं नशीब मोठं गं. माझ्या वाटचं एक पानही कधी कुणी टाइप करून ठेवलं नाही."

परत खोलीत आल्यावर बाईंनी निर्णय सांगितला. इथलं लॉन तुमचंच राहील, म्हणाल्या, पण ते पहिल्यासारखं करून द्यायचं. आणि यापुढे परवाना नसलेल्या माणसाचं पाऊल गवतावर पडलं, मग ते कितीही मायेनं पडलेलं असो, तर करार तिथंच संपला. उरलेल्या चार आवारांचं मात्र होणार नाही. "तुम्ही खोटं बोलला नाहीत, ते माझ्या लक्षात राहील. पण एका माणसाच्या तापावर माझी पाच आवारं अवलंबून राहू शकत नाहीत. परवाना असलेला दुसरा माणूस दाखवा. दोन महिने थांबते."

परतीच्या वाटेवर व्हॅनमध्ये धाकटी मनात हिशेब करत होती. दुसरा माणूस आणायचा कुठून? परवानाधारक माणसं नोकरीला ठेवायची तिची ऐपत नव्हती. नवरा ट्रक सोडू शकत नव्हता. अण्णांना पुस्तकातली अक्षरं दिसत नव्हती. आणि चार आवारं नाहीत म्हणजे मोठं काम नाही, म्हणजे हंगामाअखेर शेड रिकामी. भाऊजींनी तो विषय काढला नाही, यासाठीही ती मनातल्या मनात त्यांची ऋणी राहिली.

बुधवारी सकाळपासून पाणी मारायचं काम सुरू झालं. पाण्याच्या पाइपला परवाना लागत नाही, हे बाईंकडून आधी विचारून घेतलं होतं. पायवाटेच्या फरशीवर उभं राहून एका बाजूनं धाकटी, एका बाजूनं जाऊबाई. अण्णा खुर्ची टाकून बसले होते आणि मांडीवर पाइप धरून लांबवर धार मारत होते. गवताकडे बघण्याची त्यांची नजर चाळीस वर्षांची होती. मुळं जिवंत आहेत, म्हणाले. बुडाशी पांढरं आहे अजून. बायांनो, हे येणार.

दुपारी भाऊजी आले. सकाळपासून कुठं होते कुणाला माहीत नव्हतं, फरश्यांच्या कामावरून दोनदा फोन आलेला. त्यांच्या हातात चारदा घडी घातलेला कागद होता. ते सरळ धाकटीपाशी आले आणि कागद तिच्यासमोर धरला.

परवान्याच्या परीक्षेचा अर्ज होता.

धाकटी कागदाकडे बघतच राहिली. भाऊजींनी तिच्या हातातला पाइप घेतला आणि झाडाच्या आळ्यात सोडला. मग फरशीवर बसकण मारून, कागद गुडघ्यावर ठेवून त्यांनी पेन काढलं. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे, म्हणाले. शाळेत गणितात दोनदा नापास झालो, हे तुला माहीत आहेच, सगळ्या गल्लीला माहीत आहे. पण क्षेत्रफळ जमलं, तर बाकीचंही जमेल. चष्मा घरी राहिलाय, रकाने वाच.

ती वाचत गेली, ते भरत गेले. नाव, वय, पत्ता, शिक्षण. शिक्षणाच्या रकान्यात त्यांनी खरं ते लिहिलं. पुढचा रकाना होता, अनुभव कोणाच्या हाताखाली घेतला.

"इथं अण्णांचं लिहा," धाकटी म्हणाली. "लहानपणी त्यांच्याबरोबर मैदानावर जायचातच की."

भाऊजी मान वर न करता म्हणाले, "अण्णांच्या हाताखाली मी आठ महिने टिकलो. भांडून गेलो, ते फरश्या धरल्या. तेव्हापासून कुणाच्याच हाताखाली काम केलेलं नाही." खुर्चीतल्या अण्णांनी हे ऐकलं. धार भलतीकडे वळून त्यांच्या स्वतःच्याच बुटांवर पडत होती, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही. जाऊबाई पाइप हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

भाऊजींनी त्या रकान्यात धाकटीचं नाव लिहिलं. पूर्ण. फरशीची रेघ ओढतात तसं, सावकाश, सरळ. मग पेन तिच्या हातात दिलं.

"सही कर. तुझी लागते."

धाकटीला रेघ नीट दिसेना, तरी तिनं सही केली. भाऊजींनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवला, उठून पँट झटकली. गवतावर पाय पडू नये म्हणून फरशीच्या कडेकडेनं दोन पावलं गेले आणि वळले.

"उद्यापासून किती वाजता यायचं, तेवढं सांग."

"सातला," ती म्हणाली.